गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि एचपीव्ही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्करोग तर शेकडो प्रकारचे आहेत. इथे फक्त गर्भाशयमुखाबद्दलच का?

कारण या एका कर्करोगाची गोष्ट संशोधनाने जवळजवळ पूर्ण केली आहे. तो कशामुळे होतो ते सापडलं, होण्याआधी ओळखायचा कसा ते सापडलं, टाळणारी लसही तयार झाली. स्तनाच्या किंवा स्वादुपिंडाच्या कर्करोगाबद्दल असं म्हणता येत नाही. तरीही २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात या आजाराच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण होत्या आणि जवळपास ८० हजार बायका त्याने गेल्या.

दुसरं कारण आपल्या घरचं आहे. आज जगभरचे देश ज्या पुराव्याच्या आधारावर तपासणी आणि लसीची धोरणं ठरवतात, त्यातला मोठा वाटा बार्शी, धाराशिव, पुणे आणि मुंबई इथल्या बायका-मुलींकडून आला आहे. परदेशातल्या परिषदांत हे माहीत आहे. आपल्याकडे विचारलं तर फार थोड्यांना माहीत असतं.

हा कर्करोग नेमका कशामुळे होतो?

ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे. याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. काहींमुळे हातापायावर चामखीळ येते आणि विषय तिथेच संपतो. डझनभर प्रकार मात्र धोक्याचे. त्यातही १६ आणि १८ या क्रमांकांचे दोन प्रकार मिळून जगातल्या सुमारे ७० टक्के गर्भाशयमुख कर्करोगाला जबाबदार आहेत.

विषाणू तसा अगदी छोटा. त्याच्या डीएनएची लांबी जेमतेम ८ हजार अक्षरांची. त्यातली ई-६ आणि ई-७ ही दोन जनुकं सगळा घोळ घालतात. आपल्या प्रत्येक पेशीत पी-५३ नावाचं प्रथिन असतं. डीएनएत बिघाड झाला की ते पेशीची वाढ थांबवतं, आणि बिघाड दुरुस्तीपलीकडचा असेल तर पेशीला मरायला लावतं. ई-६ हे पी-५३ नष्ट करवतं. आरबी नावाचं दुसरं प्रथिन पेशीला उगाच विभागू देत नाही. ई-७ त्याला निकामी करतं. दोन्ही पहारेकरी गेल्यावर पेशी वाढत सुटते, चुका साठत जातात, आणि बऱ्याच वर्षांनी त्यातून कर्करोग उभा राहतो.

हे शोधून कोणी काढलं?

जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउजेन यांनी. पण सुरुवात त्याच्या बरीच आधीची आहे. १८४२ मध्ये रिगोनी-स्टर्न नावाच्या इटालियन डॉक्टरने व्हेरोना शहरातल्या मृत्यूच्या नोंदी चाळल्या, तेव्हा गर्भाशयाचा कर्करोग विवाहित बायकांत बराच आणि ख्रिस्ती मठातल्या अविवाहित जोगिणींत दुर्मीळ दिसला. शरीरसंबंधातून काहीतरी पसरत असावं हा संशय तिथपासूनचा.

१९७० च्या दशकात बहुतेक संशोधकांचा संशय नागिणीच्या जातकुळीतल्या हर्पीस विषाणूवर होता. त्सूर हाउजेन यांनी ट्यूमरमध्ये हर्पीसचा डीएनए शोधला आणि तो मिळाला नाही. चामखिळीचा विषाणू हे खरं कारण असावं असं ते म्हणू लागले, तेव्हा फारसं कोणी ऐकलं नाही. १९८३ मध्ये त्यांच्या गटाने ट्यूमरमधून एचपीव्ही १६ वेगळा केला, पुढच्याच वर्षी १८. विषाणूच्या डीएनएचे ते तुकडे त्यांनी मागेल त्या प्रयोगशाळेला देऊन टाकले. पेटंटच्या जमान्यात ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे, कारण पुढचं संशोधन त्यामुळेच इतक्या झपाट्याने झालं. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. दरम्यान १९९९ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या ट्यूमरचे नमुने पुन्हा बारकाईने तपासले गेले आणि ९९.७ टक्के नमुन्यांत एचपीव्ही सापडला. एकाच कारणाशी इतकं घट्ट बांधलेला मोठा कर्करोग दुसरा नाही.

हेला पेशी म्हणजे काय? त्यांचा याच्याशी काय संबंध?

१९५१ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स ही ३१ वर्षांची कृष्णवर्णीय बाई गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दाखल झाली. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता प्रयोगशाळेत गेल्या आणि तिथे त्या वाढतच राहिल्या. त्याच वर्षी ती वारली. तिच्या नावावरून ‘हेला’ म्हटल्या जाणाऱ्या या पेशी आजही जगभर वापरात आहेत. पुढे त्यांच्यात एचपीव्ही १८ चा डीएनए सापडला. तिच्या कुटुंबाला या सगळ्याचा पत्ता विशीच्या वर वर्षं गेल्यावर लागला. परवानगीचा प्रश्न या विषयात पहिल्या पानापासून आहे आणि खाली तो आणखी दोनदा येईल.

विषाणू अंगात गेला म्हणजे कर्करोग होणारच का?

नाही. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू लागतोच. दहापैकी नऊ जणींच्या शरीरातून तो साधारण दोन वर्षांत आपोआप निघून जातो, त्यांना कळतही नाही. ज्या थोड्याजणींच्या अंगात धोक्याचा प्रकार ठाण मांडून राहतो, त्यांच्यात पेशी बदलू लागतात. त्यानंतरही कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं जातात. एचआयव्ही असलेल्या बाईत धोका सुमारे सहापट आणि हा काळ बराच कमी. बिडी-सिगारेट, पुष्कळ बाळंतपणं आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या या गोष्टीही धोका वाढवतात.

ही पंधरा-वीस वर्षं म्हणजेच तपासणीची संधी.

माझा नवऱ्याशिवाय कोणाशी संबंध आलेला नाही. मग मला कसा झाला?

हा प्रश्न ओपीडीत बायका हळू आवाजात विचारतात आणि घरात तो आरोप म्हणून विचारला जातो. उत्तर असं की आयुष्यात एकच जोडीदार असला तरी विषाणू लागू शकतो, कारण त्या जोडीदाराला तो आधी कधीतरी लागलेला असू शकतो. लागला कधी हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही. वीस वर्षांपूर्वीचाही असेल. पुरुषांत बहुधा काहीच लक्षण दिसत नाही. एचपीव्हीचा रिपोर्ट हा चारित्र्याचा दाखला नव्हे. तो तसा वाचणारे डॉक्टरही भेटतात, त्यांनी जरा जपून बोलावं.

संशोधनात बार्शी-धाराशिवचं नाव वारंवार का येतं?

बार्शी (जि. सोलापूर) इथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्याआधी भारतातल्या कर्करोगाचे आकडे मुंबईसारख्या शहरांतून येत. खेड्यातली बाई दवाखान्यापर्यंत पोचतच नव्हती, तर तिची नोंद होणार कुठे? म्हणून बार्शीच्या लोकांनी उलटा मार्ग धरला. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांत कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणं असलेली माणसं शोधू लागले, लोकांशी बोलू लागले, रुग्णांना दवाखान्यात आणू लागले. यातून गावांची ओळख आणि विश्वास तयार झाला. पुढचा मोठा प्रयोग त्या विश्वासावर उभा आहे.

तो प्रयोग १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायका. गावांचे ५२ समूह. चिठ्ठ्या टाकल्यासारखी चार गटांत विभागणी. पहिल्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी, दुसऱ्याची पॅप तपासणी (गर्भाशयमुखाच्या पेशी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), तिसऱ्यात गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या, म्हणजे तुलनेसाठीच्या गटाला एरवी मिळते तेवढीच आरोग्यसेवा. मग आठ वर्षं पाठपुरावा.

२००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू, तुलना गटात ६४. गटांचा आकार जवळपास सारखाच होता, म्हणजे आयुष्यात फक्त एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्याच्या जवळ आले. वाचताना एक गोष्ट खटकू शकते: एचपीव्ही गटात सापडलेले एकूण कर्करोग १२७, तुलना गटात ११८. मग फायदा कुठे झाला? फायदा टप्प्यात झाला. दुसऱ्या किंवा त्यापुढच्या टप्प्यातले कर्करोग एचपीव्ही गटात ३९ होते, तुलना गटात ८२. रोग लवकर हाती लागला, बाई वाचली. पॅप आणि ॲसेटिक आम्लाच्या गटांत मृत्यूंमध्ये ठोस म्हणावी अशी घट दिसली नाही.

एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या बाईला पुढे अनेक वर्षं धोका अगदी कमी राहतो, हेही याच प्रयोगात दिसलं. ज्या बाईची तपासणी आयुष्यात एकदाच होणार आहे तिच्यासाठी याला फार महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटना आज एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती देते, ती देण्यामागे या जिल्ह्यातल्या शेतकरी-मजूर बायकांनी दिलेला वेळ आहे.

मग ॲसेटिक आम्लाची, म्हणजे ‘व्हिनेगरची’ तपासणी निरुपयोगी म्हणायची?

तसंही नाही. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाख बायकांवर वेगळा प्रयोग केला. तिथे डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या ही तपासणी करत, आणि तीही दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत. गर्भाशयमुखाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. धाराशिवमध्ये एकच फेरी झाली होती, मुंबईत चार. दिंडिगुळला (तामिळनाडू) एकाच फेरीतही फायदा दिसला होता, म्हणजे करणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर बरंच अवलंबून आहे.

तपासणी सोपी असते. आम्ल लावल्यावर मिनिटभरात बदललेल्या पेशींचा भाग पांढरट दिसतो. प्रयोगशाळा लागत नाही, रिपोर्टसाठी दुसऱ्यांदा यावं लागत नाही. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी हीच सांगितली आहे. एचपीव्ही तपासणी परवडत नसेल किंवा जवळ नसेल तर ही जरूर करून घ्या. काहीच न करण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

तुलना गटातल्या बायकांची तपासणीच केली नाही. हे न्याय्य होतं का?

या प्रश्नावर वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकांत मोठा वाद झाला आहे. टीकाकार म्हणतात: पॅप तपासणीने मृत्यू टळतात हे श्रीमंत देशांत आधीच माहीत होतं, तिथे असा गट ठेवायला कोणी परवानगी दिली नसती, मग गरीब बायकांच्या बाबतीत ती का दिली? संशोधकांचं म्हणणं: भारतात ग्रामीण बाईला तपासणी मिळतच नव्हती, पॅपची व्यवस्था इथे चालेल याचा पुरावा नव्हता, आणि तुलनेशिवाय कोणतंही सरकार पैसा लावणार नव्हतं.

आमच्या मते टीकाकारांचा मुद्दा खोडून निघत नाही. पण त्याहून जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट निष्कर्षांनंतरची आहे. पुरावा २००९ मध्ये हाती आला. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, देशातल्या ३० ते ४९ वयाच्या फक्त १.९ टक्के बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झाल्याचं सांगितलं. ज्या बायकांच्या मृत्यूंची मोजदाद करून उत्तर मिळालं, त्यांच्या लेकीसुनांपर्यंत ते उत्तर पोचवलं गेलं नाही.

लस काम कशी करते? तिच्यात जिवंत विषाणू असतो का?

नसतो. मेलेलाही नसतो. विषाणूचं वरचं कवच मुख्यतः एल-१ नावाच्या प्रथिनाचं असतं. १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड विद्यापीठात ज्यान झोउ आणि इयान फ्रेझर यांना असं दिसलं की ही प्रथिनं आपोआप एकमेकांत बसून रिकामं कवच तयार करतात. आत डीएनए नसल्यामुळे संसर्ग होऊच शकत नाही, पण शरीराला खरा विषाणू आल्यासारखं वाटतं आणि त्याला अडवणारी प्रतिपिंडं तयार होतात. पहिली लस २००६ मध्ये बाजारात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ला २०२२ मध्ये मान्यता मिळाली, ती ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांपासून संरक्षण देते.

लस आधीच लागलेला विषाणू घालवत नाही. म्हणून ती वयात येताना द्यायची.

या लसीच्या प्रयोगात मुली दगावल्या होत्या ना?

व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी फिरणारा हा संदेश दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी आहे, म्हणून जरा सविस्तर.

२००९-१० मध्ये ‘पाथ’ या अमेरिकी संस्थेने तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात मुलींना लस देण्याचा प्रकल्प चालवला. त्या काळात लस घेतलेल्या सात मुलींचा मृत्यू झाला. सरकारी चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. बुडणं, सर्पदंश, कीटकनाशक अशी कारणं पुढे आली. पण त्याच चौकशीत दुसरं जे बाहेर आलं ते लाजिरवाणं होतं. आदिवासी वसतिगृहांत आईवडिलांऐवजी वॉर्डनने संमतीपत्रांवर सह्या केल्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर कडक ताशेरे ओढले, आणि ते योग्यच होतं. लस निर्दोष असली म्हणून ती देण्याची रीत निर्दोष ठरत नाही.

त्याच सुमारास एक पूर्णपणे वेगळा अभ्यास चालू होता. लियाँच्या त्याच संस्थेसोबत देशात नऊ ठिकाणी, त्यात बार्शी आणि पुणेही, १० ते १८ वयाच्या मुलींत दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहिलं जात होतं. वीस हजार मुली घ्यायच्या होत्या. खम्ममच्या गदारोळानंतर एप्रिल २०१० मध्ये सरकारने एचपीव्ही लसीच्या सगळ्याच चाचण्या थांबवल्या. तोवर १७,७२९ मुली सहभागी झाल्या होत्या. कोणाचे तीन डोस झाले होते, कोणाचे दोन, आणि ४,९५० मुलींचा फक्त एक.

अभ्यास मोडला असंच सगळ्यांना वाटलं. पण संशोधकांनी या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही. वर्षं गेली, मुलींची लग्नं झाली, त्यांचे नमुने तपासले गेले. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत १६ आणि १८ प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने ९५.४ टक्के संरक्षण दिलेलं दिसलं. दोन डोसनी ९३.१ आणि तीननी ९३.३. म्हणजे तिघांत फरक नाहीच. हे कोणी ठरवून केलं नव्हतं, आणि मुद्दाम एकच डोस देऊन पाहायला तेव्हा कोणत्याही नीतिसमितीने परवानगी दिली नसती. केनियातल्या एका चाचणीनेही याला दुजोरा दिला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं जाहीर केलं. दोन-तीन डोसांऐवजी एकच पुरत असल्याने गरीब देशांना तितक्याच पैशात दुप्पट-तिप्पट मुलींना लस देता येते.

लसीने कर्करोग खरोखर कमी झाला, की फक्त संसर्ग?

कर्करोगही. स्वीडनमध्ये १७ वर्षांच्या आत लस घेतलेल्या मुलींत तो ८८ टक्क्यांनी कमी आढळला. इंग्लंडमध्ये १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्या पिढीत ८७ टक्क्यांनी. स्कॉटलंडच्या २०२४ च्या अहवालात १२-१३ व्या वर्षी लस घेतलेल्यांत एकही रुग्ण सापडली नव्हती.

माझी मुलगी १२ ची आहे आणि मी ३८ ची. दोघींनी घ्यावी का? मुलाला?

मुलीला द्या. ९ ते १४ हे सगळ्यात चांगलं वय. तुम्हाला लसीचा फायदा थोडा. त्या पैशात स्वतःची एचपीव्ही तपासणी करून घ्या. मुलांनाही लस देता येते, पण घरात एकालाच परवडत असेल तर आधी मुलगी. मुलीने लस घेतली तरी तिशीनंतर तिनेही तपासणी करायचीच, कारण लसीत नसलेले धोक्याचे प्रकार उरतात.

अंगावर पांढरं जातं. डॉक्टर म्हणतात पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. काढू का?

तपासणी केल्याशिवाय अजिबात नाही. पांढरं जाणं हे बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गामुळे असतं आणि औषधाने बरं होतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांचं काय झालं ते आठवा. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीने ८२ हजारांवर बायकांची माहिती घेतली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यातल्या कित्येकजणी ऐन तिशीत किंवा त्याआधीच्या. पाळीमुळे खाडा पडू नये ही मुकादमाची सोय आणि ‘कॅन्सर होईल’ ही दवाखान्याची भीती, दोन्ही त्यांच्या पोटावर आलं.

कर्करोगाआधीचे बदल सापडले तरी पिशवी काढावी लागत नाही. गर्भाशयमुखाचा तेवढाच भाग उष्णतेने जाळता येतो, गोठवता येतो किंवा विजेच्या तारेने काढता येतो. काम काही मिनिटांचं, बाई त्याच दिवशी घरी. कोणी कर्करोगाच्या नावाने पिशवी काढायला सांगितली तर बायॉप्सीचा, म्हणजे तुकडा काढून तपासल्याचा कागद मागा. कागद नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

कर्करोग निघालाच, तर ऑपरेशन चांगलं की किरणोपचार?

टप्प्यावर ठरतं. अगदी सुरुवातीचा, छोटी गाठ असेल तर ऑपरेशन. गाठ मोठी किंवा आजूबाजूला पसरलेली असेल तर किरणोपचार आणि त्यासोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लाटिन हे केमोचं औषध. बाहेरून किरण दिल्यावर आतूनही देतात, त्याला ब्रेकीथेरपी म्हणतात. ‘आतलं’ नको वाटतं म्हणून पुष्कळजणी ते टाळतात आणि तिथेच घात होतो. त्याशिवाय उपचार अपुरा. सगळं मिळून आठ आठवड्यांत आटपायचं असतं. मधे सणवार, पेरणी, लग्न म्हणून खंड पडला तर परिणाम कमी होतो.

घरच्यांचा आग्रह बहुतेक वेळा ‘काढून टाका एकदाचं’ असा असतो. या समजुतीची परीक्षा टाटा मेमोरियलमध्येच झाली आहे. ६३३ रुग्णांच्या चाचणीत एका गटाला आधी केमो देऊन गाठ लहान केली आणि मग ऑपरेशन केलं, दुसऱ्याला थेट केमो-किरणोपचार दिले. पाच वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या पहिल्या गटात ६९.३ टक्के, दुसऱ्यात ७६.७. आयुष्याच्या लांबीत दोन्ही गटांत फरक पडला नाही, पण ऑपरेशनने जास्त काही मिळालंही नाही. तिथलीच ८५० रुग्णांची दुसरी चाचणी तिसऱ्या टप्प्यातल्या बायकांवरची: नुसत्या किरणोपचारांनी पाच वर्षांनी ४६ टक्के हयात, सोबत सिस्प्लाटिन दिल्यावर ५४.

दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन जास्त आधुनिक, मग जास्त चांगलं ना?

सगळ्यांना तसंच वाटत होतं. २०१८ मध्ये मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी जाहीर झाली तेव्हा उलटं निघालं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगात साडेचार वर्षांनी रोगमुक्त असलेल्या बायका पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर ९६.५ टक्के, दुर्बिणीतून केल्यावर ८६ टक्के. आता या ऑपरेशनसाठी जुनी पद्धतच आधी सुचवतात. यंत्र महाग आहे म्हणून ते चांगलं असतंच असं नाही, हे जाहिराती वाचताना ध्यानात असू द्या.

उपचारात अलीकडे नवीन काय आलं?

तीन गोष्टी सांगण्यासारख्या. किरणांचा नेम आता जास्त अचूक धरता येतो. टाटा मेमोरियलच्या ३०० रुग्णांच्या चाचणीत, ऑपरेशननंतर किरणोपचार घेणाऱ्या बायकांचे आतड्यांचे उशिरा दिसणारे त्रास या तंत्राने ४२ टक्क्यांवरून २१ वर आले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरलेस’ चाचणीत, ज्यात भारतातल्या रुग्णही होत्या, केमो-किरणोपचारांआधी सहा आठवडे कार्बोप्लाटिन आणि पॅक्लिटॅक्सेल दिल्यावर पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ७२ वरून ८० टक्के झालं. दोन्ही औषधं जुनी, सहज मिळणारी आणि तुलनेने स्वस्त, त्यामुळे आपल्यासाठी ही बातमी मोठी. तिसरी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध कामाला लावणं. पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध केमो-किरणोपचारांसोबत दिल्यानेही आयुष्य वाढतं, पण त्याची किंमत बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे.

‘अमुक वनस्पतीने कर्करोगाच्या पेशी मेल्या’ अशा बातम्यांचं काय करायचं?

पेशी कुठे मेल्या ते पाहा. पुष्कळदा त्या काचेच्या बशीतल्या हेला पेशी असतात, म्हणजे हेन्रिएटा लॅक्सच्याच. बशीत पेशी मारणं सोपं असतं. मीठ जास्त झालं तरी मरतात. तेच द्रव्य पोटातून रक्तात, रक्तातून गाठीपर्यंत पुरेशा प्रमाणात पोचून बाकी शरीराला सोडतं का, हा खरा प्रश्न. हळदीच्या कर्क्युमिनवर असे ढीगभर प्रयोग झाले आहेत, पण त्यावर कर्करोग बरा होतो असं माणसांवरच्या चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. जेवणात हळद हवीच. उपचार सोडून नको.

दवाखान्यात ‘संशोधनात भाग घ्या’ म्हणाले. घ्यावा का?

घेता येतो, आणि चांगल्या चाचणीत तुमची देखरेख बहुधा जास्तच बारकाईने होते. सही करण्याआधी विचारा: मी भाग घेतला नाही तर मला कोणता उपचार मिळेल? दुसऱ्या गटाला काय मिळणार? मधेच बाहेर पडता येईल का? त्रास झाला तर खर्च कोणाचा? संमतीपत्र मराठीत मागा, घरी नेऊन वाचा. लिहितावाचता येत नसेल तर ते वाचून दाखवताना त्रयस्थ साक्षीदार हजर हवा, तसा नियमच आहे. ‘सही करा, नंतर सांगतो’ म्हणणाऱ्याकडे सही करू नका.

तपासणी कुठे करायची? दुखते का? काय आलं तर काय?

जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय आणि कित्येक प्राथमिक आरोग्य केंद्रांत ॲसेटिक आम्लाची तपासणी होते, आशाताईंना विचारा. एचपीव्ही तपासणी मोठ्या रुग्णालयांत आणि खासगी प्रयोगशाळांत. तिचा नमुना बाईला स्वतः घेता येतो. मऊ ब्रश किंवा कापसाची काडी योनीमार्गात फिरवून नळीत टाकायची, इतकंच. पाळी चालू असताना जाऊ नका. दुखत नाही, थोडं अवघडल्यासारखं होतं.

निगेटिव्ह आली तर पुढची तपासणी पाच ते दहा वर्षांनी. पॉझिटिव्ह आली म्हणजे कर्करोग झाला असं नाही. मग दुर्बिणीतून गर्भाशयमुख पाहतात, गरज वाटली तर छोटा तुकडा तपासायला पाठवतात. उपचार लागलेच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

शरीरसंबंधानंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मधे रक्त, पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त किंवा घाण वासाचा स्राव यांपैकी काही असेल, तर मागची तपासणी निगेटिव्ह होती म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात दाखवा.